रूथबाईंच्या पिशवीतले पोहे

रूथबाईंनी मला फसवलं. एक अख्खा हंगाम, दिवाळीपासून शिमग्यापर्यंत, त्या दर रविवारी माझ्या पेणच्या गिरणीतून पोहे नेत होत्या आणि गडब गावाजवळच्या आमच्या गावात अंथरुणाला खिळलेल्या माझ्या सख्ख्या बहिणीला भरवत होत्या. मला त्यांनी पत्ता लागू दिला नाही. मला कळलं ते बहीण गेल्यावर. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी भाताबद्दल, वाळूबद्दल, वालाच्या शेंगांबद्दल लिहीन आणि वाचणाऱ्याला वाटेल की माणूस निवळला. मी निवळलेलो नाही.

कार्तिक उतरणीला लागला की पेणच्या वाऱ्याला पेंढ्याचा वास येतो. हायवेवरच्या ट्रकांच्या धुराखालूनही तो येतो. झोडणी संपलेली असते, रिकाम्या शेतांत वालाची दोन-दोन पानं वर आलेली असतात, आणि हमरापूरकडचे मूर्तीवाले, ज्यांना भाद्रपदाआधी मान वर करायला फुरसत नसते, ते माझ्या ओट्यावर येऊन सावकाश चहा पितात. गिरणीतल्या हौदात नवं भात भिजत पडतं. भिजल्या भाताचा वास आंबूस असतो, थोडा चिखलाचा. नवख्याला तो आवडत नाही. मग ते भात भट्टीवरच्या तापल्या वाळूत पडतं, तडतडतं, आणि वाटतं की आता करपलं. तेवढ्यात वास पालटतो. गोड होतो. तो क्षण ज्याला कळला त्याला पोहे कळले. बाकीचं मशीन करतं.

तो क्षण मला आक्कानं दाखवला. आक्का माझी थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन परत आली, तेव्हा आमची आई नुकतीच गेली होती आणि मी रांगत होतो. तिनं मला वाढवलं ते पोह्यांवर. दोन रात्री भात भिजवायची, तिसऱ्या सकाळी भाजायची आणि गरम असतानाच उखळात घालून कांडायची. मुसळाचा आवाज थांबला की मला जाग यायची. चौदाव्या वर्षी मी तिचे पोहे सायकलला लावून पेणच्या आळ्यांमधून विकायला लागलो. धंदा मी तिथं शिकलो. गिऱ्हाईक पिशवी उघडून वास घ्यायला लागलं की भाव उतरवायचा नाही, हे मला कुणी शिकवलेलं नाही. आज माझी गिरणी आहे, टेम्पो आहे, मागे घर आहे. कुणाच्या बापाचं घेतलेलं नाही.

घर बांधलं त्या वर्षी मी गणपती पेणला आणला. आमच्याकडे तो पिढ्यान्‌पिढ्या गावच्या घरात बसायचा. घरात पुरुष मी एकटा; कुठं बसवायचा हा निर्णय माझा होता, हे आजही म्हणतो. गणपतीचा पाट आणायला टेम्पो घेऊन गेलो तेव्हा आक्का तण बेणायला शेतावर गेली होती. मी थांबलो नाही. ओटीच्या खुंटीवरची चावी घेऊन दार उघडलं, पाट काढला, चावी परत खुंटीला लावली. घरी येऊन तिनं रिकामी भिंत पाहिली. आरतीला पेणला आली नाही. शेजारच्या गोदीबरोबर निरोप धाडला: "त्याला सांग, गणपती तुझा हाय, ने. पण पाट उचलताना मला हाक मारायची व्हती."

शेत हाकेच्या अंतरावर होतं. मी उलटा निरोप धाडला की घरचा मालक हाक मारत बसत नाही. त्यानंतर सहा वर्षं आम्ही बोललो नाही. ती पडल्याचं मधे एकदा कानावर आलं. मी माणूस पाठवला. तिनं त्याला दारातूनच लावून दिलं, "चालतंय माझं" म्हणून. चालतंय म्हणजे चालतंय. पुढे नागोठण्याला जाताना आमच्या गावाचा फाटा आला की मी तोंड दुसरीकडे वळवायचो.

तर रूथबाई. रोह्याला ख्रिस्ती लोकांची एक छोटी मंडळी आहे. धाटावच्या कंपन्यांत कामाला आलेली काही घरं, काही इथलीच. रविवारची प्रार्थना आटपली की त्यांतले दहा-बारा जण दोघादोघांच्या जोड्या करून बाहेर पडतात. एकटी म्हातारी माणसं, अंथरुणावर पडलेली, कंपनीत हात गमावून घरी बसलेला एखादा, अशांची घरं त्यांनी वाटून घेतलेली असतात. जायचं, नखं कापायची, अंघोळ घालायची, डबा द्यायचा, बसायचं. रूथबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, रिटायर झालेल्या. त्यांच्या जोडीला थॉमस. तो मूळचा केरळचा, धाटावला शिफ्टला. मराठी शिकताना त्यानं एकच गोष्ट पक्की केली होती, सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायचं. माझ्या कुत्र्यालाही तो "तुम्ही बाजूला व्हा" म्हणायचा, आणि कुत्रं व्हायचं.

पहिल्या रविवारी त्या ओट्यावर आल्या, पोह्यांच्या ढिगात हात घातला, वास घेतला. मी मनात म्हटलं, झालं काम.

"पेशंटसाठी पाहिजेत," त्या म्हणाल्या. "दर आठवड्याला शेरभर. काही कमी करा."

"धर्माचं काम तुमचं. माझं पोह्यांचं हाय."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "शेठ, तोंड एवढं लाल का? बसा इथं." आणि पिशवीतून रक्तदाबाचा पट्टा काढून त्यांनी माझ्या दंडाला गुंडाळलासुद्धा. फुगा दाबला, काटा पाहिला, आणि काही बोलल्या नाहीत. नर्स बोलत नाही तेव्हा माणूस घाबरतो. मी घाबरलो. मग सौदा असा झाला की दर रविवारी त्यांनी माझा रक्तदाब बघायचा आणि मी शेरभर पोहे द्यायचे.

"आणि मापावरची एक मूठ?" थॉमसनं विचारलं.

"मूठ गिऱ्हाइकाला. हा सौदा हाय."

माझ्या मते सौदा मी जिंकलो होतो. डॉक्टरकडे जायचं वाचलं. आता कळतं की त्याच पट्ट्यानं, तासाभरानं, त्या आक्काचा दंड बांधत होत्या. पट्ट्याला माझ्या अंगाची ऊब असेल का, असा विचार माझ्या मनात येतो आणि मी तो हाकलतो. तासभर ऊब टिकत नाही. मी भट्टीवाला आहे, मला माहीत आहे.

मी त्यांना सोडत नव्हतो. "काय बाई, या आठवड्यात किती बाटवले?" असं चारचौघांत विचारायचो. मूर्तीवाले हसायचे. रूथबाई फुगा दाबता दाबता म्हणायच्या, "एकाला गप्प बसवायचा प्रयत्न चाललाय. तेवढा जमला तरी पुष्कळ." मग मूर्तीवाले जास्त हसायचे. नाव मात्र त्यांनी कधी कुणाचं घेतलं नाही. त्यांच्या मंडळीचा नियमच तसा होता: एका दाराचं दुसऱ्या दारात न्यायचं नाही. पूर्वी कधी कुठल्या तरी म्हातारीच्या घरी डबा जातो हे गावभर झालं होतं आणि तिनं लाजेनं दार उघडायचं सोडलं होतं. तेव्हापासूनचा नियम. चांगला नियम आहे. मला तो तेव्हा आवडलाही होता. धंद्यात असा नियम पाळणारा माणूस मिळत नाही.

मार्गशीर्षात एका रविवारी रूथबाई पट्टा सोडवता सोडवता म्हणाल्या, "शेठ, भात एकच रात्र भिजवता का?"

"तुम्हाला काय ठाऊक त्यातलं?"

"पेशंट म्हणते. मधे कच्चं लागतं म्हणाली."

माझा काटा तेव्हाच बघायला पाहिजे होता. मी ओट्यावरून खाली उतरून ओरडलो. माझ्या गिरणीचे पोहे मुंबईला जातात, आणि कोण ही खाटेवरची बाई मला शिकवणार? त्या गेल्यावर मी एक पोहा दाताखाली धरला. मधे कच्चा होता. हंगामाच्या घाईत मी एक रात्र वाचवत होतो, ते खरंच होतं. पुढचा घाणा दोन रात्री भिजवला.

मग ते दर रविवारचंच झालं. वाळू फार तापली होती. चाळणी मोठी लावलीत. या आठवड्यात भात जुनं मिसळलंत. मी आधी भडकायचो, मग ऐकायचो. माझ्यासारखा माणूस फुकटचं शहाणपण सोडत नाही. माल सुधारला. व्यापारी विचारायला लागले की कारागीर बदललास काय. मी मिशीतल्या मिशीत हसायचो. वाटायचं, कुठल्या तरी गावात एक जुनी कांडणारी बाई सापडली आहे, रूथबाईंना त्याचं काही नाही आणि मला ती आयतीच मिळाली. दोन रात्रीच का, तिसऱ्या सकाळीच का, हे मला माझ्या घरात कुणी शिकवलं होतं ते मी विसरलो नव्हतो. पण दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या नाहीत. आपल्याकडे अशा शंभर म्हाताऱ्या असतील, म्हटलं.

पौषात थॉमसची मोटारसायकल बिघडली. रविवारची भेट चुकवायची नाही म्हणून दोघं पायी निघालेली बघून मी टेम्पो काढला. का काढला, मला माहीत नाही. त्या दिवशी गिरणी बंद होती, एवढंच. आधी कातकरवाडीवर गेलो. दिवाळीनंतर तिथली सगळी घरं वीटभट्ट्यांवर जातात, मागं उरतात ती चालता न येणारी माणसं. निम्म्या झोपड्यांच्या दारांना काट्या लावलेल्या. एका ओसरीवर आंधळा म्हातारा उन्हात बसला होता. थॉमस जमिनीवर बसला, त्याचा पाय मांडीवर घेतला आणि नखं कापायला लागला. नखं शिंगासारखी झालेली. म्हातारा म्हणाला, "हळू रं, बोट माझं हाय." थॉमस म्हणाला, "तुम्ही हलू नका, मग तुमचंच राहील." मी टेम्पोत बसून पाहत होतो. मला कसंतरी झालं असं म्हणणार नाही. मला वाटलं, एवढ्या वेळात माझे दोन घाणे निघाले असते.

परतताना आमच्या गावाचा फाटा आला. रूथबाई म्हणाल्या, "इथं उतरतो. पुढे चालत जाऊ."

मी ब्रेक लावला. दोघं उतरली. रूथबाईंनी टेम्पोच्या दारापाशी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. पिशवीत माझे पोहे होते. "येता का शेठ?" त्यांनी विचारलं.

"माझं काय काम?" म्हटलं आणि टेम्पो वळवला. आरशात दोघं दिसत होती. दोन्ही बाजूंना वाल फुलला होता, पांढरा आणि जांभळा, आणि मधून ती दोघं आमच्या घराच्या दिशेनं चालली होती. त्या रस्त्यावर वीसेक घरं आहेत. मी त्यातलं कुठलं, ते विचारलं नाही.

थंडीच्या शेवटाला गिरणीमागच्या शेतात आम्ही पोपटी लावतो. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, मीठ. मडकं उलटं करून भोवती जाळ. त्या रविवारी दुपारीच लावली होती. मडकं फोडलं तसा वास हायवेपर्यंत गेला. रूथबाईंनी मूठभर शेंगा पानात बांधून घेतल्या. मी म्हटलं, "पेशंटला दात हायत का?" त्या म्हणाल्या, "नाहीत. वास घेईल." सगळे हसले. मीही. आणि तेव्हाच, शेंग सोलता सोलता, मी माझा सौदा मांडला. पुढच्या हंगामाला ती बाई मला गिरणीत पाहिजे. खुर्ची देतो, दोन वेळचं जेवण देतो, टेम्पोनं आणतो-सोडतो. बसून नुसतं सांगायचं, वाळू झाली की नाही.

रूथबाईंचा चेहरा असा उजळला की मला वाटलं जास्त देऊ केलं की काय.

पुढच्या रविवारी उत्तर आलं. "ती म्हणते, यायला तयार आहे. पण बोलावणं मालकानं स्वतः दारात येऊन करावं."

ते वाक्य मी आधी कुठं ऐकलं होतं का? नाही. पण त्याचा सूर ऐकला होता, आणि तो ऐकून माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "सांगा तिला, मालक कोणाच्या दारात जात नाय. गरज तिला हाय, मला नाय."

रूथबाईंच्या हातात फुगा होता. तो त्यांनी दाबला नाही. "शेठ, कोण आहे ते तरी विचारा," त्या म्हणाल्या.

"कोण का असंना," मी म्हटलं. घासाघीस करताना समोरच्याचं नाव विचारायचं नसतं. नाव कळलं की हात सैल होतो. आयुष्यभर मी असाच धंदा केला. त्या दिवशी थॉमसनं पोह्यांचं माप भरलं, रूथबाई पट्टा गुंडाळून गेल्या, आणि मला वाटलं, दोन आठवड्यांत ती बाई येते की नाही बघा.

दोन आठवड्यांत गोदी आली. सकाळच्या एसटीनं, अनवाणी. भट्टीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "दामू, आक्का गेली."

गावात पोरं होळीची लाकडं गोळा करत हिंडत होती. आमच्या अंगणात माणसं जमली होती. थॉमस रात्रपाळी करून तसाच आलेला, कंपनीच्या कपड्यांत, गावकऱ्यांबरोबर बांबू तासत होता. आत रूथबाई आणि बायका आक्काला अंघोळ घालत होत्या. तोंडात तुळशीचं पान ठेवलेलं. पान गोदीनं खुडलं होतं, ठेवलं रूथबाईंनी. शेवटची घरघर लागली तेव्हा उशाशी त्याच होत्या. भिंतीपाशी, जिथं गणपतीचा पाट असायचा, तिथं माझ्या गिरणीच्या कागदी पिशव्यांची चळत होती. एकेक पिशवी घडी घालून ठेवलेली. शेवटच्या पिशवीत मूठभर पोहे उरले होते. खाटेवरून हात पोचेल अशी ती ठेवली होती.

मी पिशव्या बघितल्या आणि सगळं एकदम कळलं. मग मी अंगणात येऊन ओरडायला लागलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. रूथबाई हात पुसत बाहेर आल्या आणि ऐकत उभ्या राहिल्या. शेवटी आमच्या भावकीतले एक म्हातारे म्हणाले, "दामूशेठ, आधी तिला पाणी घाल, मग भांड. बाई काय पळून नाय जात."

पाणी घातलं. सगळं झालं. दुपारी नदीवरून परत आल्यावर रूथबाई ओटीवर बसल्या होत्या. मी विचारलं, का नाही सांगितलंत.

"तिनं शब्द घेतला होता," त्या म्हणाल्या. "पोहे तुमच्याकडचेच आणा म्हणाली, आणि तुम्हाला सांगू नका म्हणाली. एकच मोकळीक होती. तुम्ही विचारलंत की कोणासाठी, तर नाव सांगायचं. दर रविवारी मी आत पाऊल टाकलं की ती विचारायची, 'इचारलं का त्यानं?'"

गोदी मधेच म्हणाली, "व्हय. मी व्हतेच की तिथं. मी म्हनायची, आक्का गो, जाऊन सांगते मी त्याला. तर माझ्यावरच डोळे काढायची."

दुकानदार गिऱ्हाइकाला विचारतो का, हे कोणासाठी नेता? मी कधीच विचारलेलं नाही. ज्या गोष्टीवर आक्कानं अख्खी अट बांधली, ती गोष्ट मी करणार नाही हे तिला ठाऊक होतं. तिनंच मला वाढवलं. आणि रूथबाईंना ते दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी कळायला पाहिजे होतं. त्या शहाण्या आहेत. मग त्या नुसत्या शब्द पाळत बसल्या. फाट्यावर "येता का" म्हणाल्या, ओट्यावर "कोण आहे ते तरी विचारा" म्हणाल्या, आणि त्यापुढे एक शब्द नाही. असा शब्द पाळून काय मिळालं? गणपती मी दुसऱ्या वर्षी गावच्या घरी परत नेला. पाट जुन्या जागी ठेवला. दार उघडायला गोदी होती.

आता पुन्हा हंगाम आला आहे. हौदात भात दोन रात्री भिजतं. चाळणी बारीक आहे. रूथबाई अजून येतात, थोड्या वाकल्या आहेत, थॉमसचे केस पिकले आहेत आणि कुत्रं दुसरं आहे. त्यालाही तो 'तुम्ही' म्हणतो. मी दंड पुढे करतो. माप भरतो आणि वर मूठ टाकतो. कोणासाठी, ते आता दर रविवारी विचारतो, आणि रूथबाई दर रविवारी सांगतात की शेठ, ते सांगता येत नाही.

माझी तक्रार तीही नाही. माझं विचारणं एकच आहे, आणि ते मी गेल्या कित्येक हंगामांत तोंडावर विचारलं आहे. रूथबाई, एका दाराचं दुसऱ्या दारात नेत नाही म्हणता, पण आक्कानं पोह्यांबद्दल सांगितलेला शब्द न्‌ शब्द तुम्ही माझ्या ओट्यावर आणलात, कारण तिनं न्यायला सांगितलं होतं. मग त्या रविवारी मीही सांगितलं होतं, "सांगा तिला." गरज तिला आहे, मला नाही, हे माझं वाक्य. ते तुम्ही नेलंत का? त्यानंतर ती दोन आठवडे जगली. ते ऐकून जगली, की तुम्ही दारात पिशवी ठेवलीत आणि म्हणालात, शेठला वेळ नव्हता, पुढच्या आठवड्यात बघू?

मी विचारतो तेव्हा तुम्ही फुगा दाबता आणि काट्याकडे बघता. एकदा म्हणालात, "ते तिच्या दारातलं आहे, शेठ."

ते दार माझंही आहे. मी त्याच दारात चालायला शिकलो. येत्या रविवारी पट्टा पिशवीत ठेवा, माप बाजूला राहू द्या, ओट्यावर बसा, आणि रूथबाई, मला सांगा: तिला काय सांगितलंत?